न बोलण्याचा डाव

त्या दुपारी वहिनीनं बदामची दश्शी नको तिथं टाकली आणि चौघांचा डाव बुडाला. इतकी ढोबळ चूक तिच्या हातून आजवर झाली नव्हती. आता बोलणी खायची म्हणून ती मान खाली घालून बसली. पण कोणी काहीच बोललं नाही. काकांनी पत्ते गोळा केले. बेबीनं डब्याचं झाकण लावलं. आणि ज्याला सगळे रेडिओ म्हणत, जो एका चुकलेल्या अठ्ठीवरून संध्याकाळपर्यंत डोकं खायचा, तो म्हणाला, "होतं असं कधीकधी."

वहिनीला राग आला. कशाचा आला ते तिचं तिलाच कळेना.

दातांच्या कवळ्या बनवायचा तो कारखाना होता. कारखाना आपला म्हणायला. एका दुमजली इमारतीच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. गावभरचे दंतवैद्य लोकांच्या तोंडांचे ठसे इथं पाठवायचे. पहिल्या खोलीत काका त्या ठशांत प्लास्टर ओतून साचे काढत. त्यांच्या भुवया खऱ्याच पिकल्यात की प्लास्टरनं पांढऱ्या झाल्यात, हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. मधल्या खोलीत वहिनी मेणावर दात लावायची. गुलाबी मेण, एक बारीक सुरी आणि स्पिरिटचा दिवा. कुठला दात किंचित कलता ठेवायचा, कुठला अर्ध्या केसानं मागे घ्यायचा, यावर ते तोंड त्या माणसाचं दिसणार की उसनं आणलेलं, हे ठरायचं. तिसऱ्या खोलीत रेडिओ चाकावर कवळ्या घासून चकचकीत करायचा. चाकाच्या घरघरीवर आवाज चढवून तो दिवसभर बोलत असायचा, म्हणून रेडिओ. शेवटची तपासणी, खोकी भरणं आणि दंतवैद्यांचे फोन घेणं हे बेबीचं काम. तिला विचारल्याशिवाय मालक खिडकीचा पडदासुद्धा बदलत नसत.

बेबी ही वहिनीची नणंद. चाळिशी उलटली तरी घरीदारी बेबीच. लग्न केलं नव्हतं. भावाच्या घराच्या वरच्या खोलीत राहायची, जेवायला खाली यायची. वहिनीला कारखान्यात तिनंच आणलं. पहिल्या दिवशी "ही माझी वहिनी" अशी ओळख करून दिली आणि तेव्हापासून ती सगळ्यांचीच वहिनी झाली. तिच्या सासऱ्याच्या वयाचे काकाही तिला वहिनी म्हणत, आणि मालकही.

पत्त्यांचा हा खेळही बेबीनंच आणला होता. त्याआधी जेवणाच्या सुट्टीत चौघं जोड्या करून खेळत. काका आणि रेडिओची त्यात इतकी जुंपायची की एकदा प्लास्टरचं घमेलं पालथं झालं आणि मालकांनी पत्ते बंद केले. मग बेबी कुठूनतरी हा नवा प्रकार शिकून आली. यात कोणी कोणाच्या विरुद्ध नसतं. चौघं एका बाजूला, नशीब दुसऱ्या बाजूला. तेरा-तेरा पत्ते वाटायचे. दुसऱ्या जोडातले चार पत्ते मध्ये उघडे मांडायचे आणि एकेकानं त्यातला एक उचलायचा. उचलला तो पत्ता म्हणजे आपलं काम. खेळताना ते पान ज्या हातात पडेल, तो हात आपणच जिंकायचा. चौघांची चारही कामं झाली तर सगळे जिंकले. एकाचं चुकलं तर सगळे हरले.

आणि बोलायचं नाही. खाकरायचं नाही, डोळा मारायचा नाही, सुस्काराही सोडायचा नाही. डावात फक्त एकदा आपल्याकडचं एक पान पुढ्यात उघडं ठेवायची मुभा होती. त्यावर एक दात ठेवायचा. टाकाऊ दातांना तिथं तोटा नव्हता. दात पानाच्या डोक्याशी ठेवला तर या रंगाचं माझ्याकडचं हे सगळ्यांत मोठं पान, पायाशी ठेवला तर सगळ्यांत लहान, मधोमध ठेवला तर एकुलतं एक. एवढ्यावरच एकमेकांची मनं ओळखायची.

रेडिओला सुरुवातीला घाम फुटायचा. पण हळूहळू चौघांना त्याची गोडी लागली. वहिनी तर त्यात तरबेज झाली. कोण पान टाकताना अडखळलं, कोणी पटकन टाकलं, यावरून तिला समोरच्याच्या हातातलं दिसायचं. मधल्या चार कामांतलं सगळ्यांत अवघड तिच्यासाठी ठेवायचं, हा न ठरवता पडलेला पायंडा होता. तिला त्याचा अभिमान होता. घरी नवऱ्यापुढे ती तो मिरवायचीसुद्धा.

त्या दुपारी दश्शी हे काकांचं काम होतं आणि दश्शी होती वहिनीकडे. काकांनी बदामचा राजा उघडा ठेवून त्याच्या डोक्याशी दात ठेवला होता. बेबीनं ते पाहिलं आणि आपला एक्का आधीच खेळून मोकळी झाली, म्हणजे पुढच्या हाताला काकांचा राजा सगळ्यांच्या वर बसेल. वहिनीनं फक्त एक्क्यावर तिर्री टाकायची होती आणि दश्शी राजासाठी राखायची होती. तिचं लक्ष सकाळच्या एका वाकड्या जबड्यात अडकलं होतं. तिनं दश्शी टाकली, ती बेबीच्या हातात गेली आणि संपलं.

आणि तरी, होतं असं कधीकधी.

दुपारभर ती मेणापुढे बसून राहिली. रेडिओ आला आणि शेजारच्या स्टुलावर बसला. गेले कित्येक आठवडे तो तिच्याकडे दात लावायला शिकत होता. तू कधी रजेवर गेलीस तर कोणीतरी हवं, असं बेबी म्हणाली होती. वहिनीनं हात आखडता घेतला नव्हता. मेण किती तापवायचं, सुळा कसा वळवायचा, म्हाताऱ्या माणसाला तरण्याचे दात का देऊ नयेत, सगळं पदरचं दिलं होतं. आज तो शेजारी बसला आणि तिच्या मनात एकामागून एक गोष्टी जुळायला लागल्या.

रेडिओ हल्ली तिच्याशी हळू आवाजात बोलायचा. काकांनी परवा तिच्यासाठी चहा आणून ठेवला होता; काका, ज्यांना स्वतःचा कप विसळायचा कंटाळा. आणि पत्ते. एक्के-राजे अशी सोपी कामं आताशा तिच्यासाठी मागे राहायची. दुर्र्या-तिर्र्या बाकीचे घाईनं उचलायचे. तिला वाटलं होतं, बिचारे शिकताहेत. आता वाटलं, शिकत नव्हते. सांभाळून घेत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम परीक्षा घेतली. रेडिओचं काम होतं चौकटची सत्ती. काकांनी सत्ती टाकली, रेडिओनं तिच्यावर राजा ठेवला. हात त्याचा झाल्यात जमा होता. शेवटची पाळी वहिनीची. तिच्याकडे चौकटची चौकी होती. तिनं ती ठेवून एक्का टाकला.

शेंबड्या पोरानंही केलं नसतं असं ते होतं. रेडिओचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं बेबीकडे पाहिलं. बेबीनं पत्त्यांकडे पाहिलं. काका म्हणाले, चला, दुसरा वाटू.

"मी हे मुद्दाम केलं," वहिनी म्हणाली. "चौकी होती माझ्याकडे. ही बघा."

कोणी तिच्या चौकीकडे पाहिलं नाही.

"माणूस मरायला टेकलं की त्याला असं सांभाळतात. मी तर धडधाकट आहे. मग माझं काय ठरलंय?"

बेबी म्हणाली, वहिनी, जेवणाची सुट्टी संपत आली. काका प्लास्टर भिजल्याचं निमित्त करून उठायला लागले. वहिनीनं त्यांच्या बाहीला धरून त्यांना खाली बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं वडीलधाऱ्या माणसाला असं धरलं असेल. आणि मग रेडिओ फुटला. त्याला तेवढ्या शांततेची सवयच नव्हती.

मालक मशीन आणणार होते. संगणकावर आखलं की दात कापून देणारं. दाराची मापं घ्यायला माणसं आली होती, आठवतंय ना वहिनी, गटाराचं काम आहे म्हणून सांगितलं होतं, तेव्हाच ठरलं. हातानं करायचं थोडंफार काम उरेल, ते रेडिओ बघेल. वहिनीचं टेबल या महिन्याच्या शेवटी निघणार. तिला सांगायचं नाही अशी मालकांची ताकीद होती, नाहीतर कामावर परिणाम होतो म्हणे.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही; उलट खाली आला.

"म्हणजे मी तुला माझंच काम शिकवत होते."

रेडिओनं मान हलवली. तो रडवेला झाला होता. दोन लहान पोरं आहेत, असं काहीसं तो पुटपुटला. ती म्हणाली की पोरांना ती ओळखते, धाकट्याच्या बारशाला अंगडं तिनंच शिवलं होतं, तेव्हा पोरांना मध्ये घालू नये. काका म्हणाले, पोरी, आम्हाला गप्प राहायला सांगितलं होतं.

"गप्प राहायचं ते खेळात, काका. पत्ते आवरले की तोंड उघडायला कोणी हात धरले होते तुमचे?"

ती उठली आणि सरळ मालकांच्या खोलीत गेली.

मालक मऊ बोलणारे होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगणारच होतो म्हणाले. व्यवसाय कसा बदलतोय, दंतवैद्य आता कसे घाई करतात, सगळं साखर पेरत सांगितलं. वहिनीनं ऐकून घेतलं. मग विचारलं की चौघांत माझंच नाव का, माझी कवळी कधी परत आली होती का. मालकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, एकही नाही. आणि मग, आपण भले आहोत हे पटवायच्या नादात, ते जरा जास्तच बोलून गेले.

"नाव मी काढलं नाही, वहिनी. मी बेबीताईंना विचारलं होतं, कोण कमी झालं तर चालेल. त्यांनी दोन दिवस घेतले आणि तुमचं सांगितलं."

वहिनी बाहेर आली तेव्हा तिघं जागच्या जागी उभे होते. चाक बंद होतं. बेबी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती, एकावर एक, सरळ आहेत की नाही ते अंगठ्यानं दाबून बघत.

"माझं नाव तू दिलंस?"

"वहिनी, घरी बोलू."

"इथं दिलंस, इथंच बोल."

बेबीनं पुढचं खोकं उचललं. वहिनीला वाटलं, हे खोकं हिसकावून भिंतीवर फेकावं. आतली कवळी कोणा म्हातारीची होती, म्हणून फेकलं नाही. तिनं आपली सुरी पुसली, दिवा विझवला, झगा काढून खुंटीला टांगला. टेबलावर एक काम अर्धं होतं. वरचे दात लागले होते, खालचे राहिले होते. रेडिओनं घाबरत विचारलं, आणि खालचे?

"शिकवलंय ना तुला," ती म्हणाली आणि निघाली.

नवरा गोदामात पाळीवर जायचा. त्या दिवशी दुपारी घरीच होता. ती अवेळी आलेली पाहून त्यानं काय झालं विचारलं नाही. उठून तिच्या हातातली पिशवी घेतली, बस म्हणाला. आणि त्या "बस"मध्ये वहिनीला सगळं ऐकू आलं. गेले काही आठवडे हा माणूस न सांगता भांडी घासत होता. तिच्या पायाला तेल लावून देऊ का म्हणून विचारत होता. तिनं शेजारणीला कौतुकानं सांगितलंही होतं, की इतक्या वर्षांनी आमच्या माणसाला पाझर फुटला.

तुलाही माहीत होतं, असं ती म्हणाली. त्यानं नाही म्हटलं नाही. बेबी म्हणाली होती, योग्य वेळ बघून मी सांगते, तू मध्ये पडू नकोस. मग तो पडला नाही.

वहिनीनं घासून ठेवलेली सगळी भांडी फळीवरून खाली काढली आणि पुन्हा घासली. एकेक, आदळत. तो दारात उभा राहून बघत होता. काय करावं ते त्याला कळत नव्हतं, आणि ती त्याला कळवणार नव्हती.

संध्याकाळी बेबी आली. जिन्यानं वर न जाता थेट स्वयंपाकघरात. तिनं सगळं नीट जुळवून आणलं होतं. काकांची शेवटची दोनतीन वर्षं राहिली आहेत, या वयात त्यांना कोण घेणार. रेडिओची पोरं लहान. मी एकटी, माझ्या पाठीशी कोणी नाही. तुला माझा भाऊ आहे, त्याची नोकरी आहे, घर चालेल. तुझ्यासाठी दुसरीकडे विचारतही होते मी, दोन ठिकाणी शब्द टाकलाय. आधी सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथं भांडली असतीस आणि मालकांनी चौघांनाही घालवलं असतं. तुझा स्वभाव माहीत आहे मला.

यातलं खोटं काहीच नव्हतं. वहिनीला त्याचाच अधिक संताप आला. इतकं सगळं तोलून-मापून झालं होतं, आणि एक वाक्य तेवढं बेबी उच्चारत नव्हती. मालकांनी ठरवलं, तसं ठरलं, असं झालं. मी तुझं नाव दिलं, असं ती म्हणत नव्हती.

"माझ्या नवऱ्याला विचारलंस," वहिनी म्हणाली. "मालकांशी बोललीस. काकांना, रेडिओला माहीत होतं. मला विचारलं असतंस, वहिनी, चौघांतलं एक जायचंय, काय करू, तर कदाचित मीच म्हटलं असतं, मी जाते. म्हटलं असतं की नाही, ते आता कधीच कळणार नाही. तेवढंसुद्धा तू माझ्याकडे ठेवलं नाहीस."

नवरा म्हणाला, जाऊ दे ना आता, दोघीही दमला आहात. त्यावर दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो अंगणात गेला.

त्या दिवसापासून बेबी वर रांधायला लागली. एकटीचा स्वयंपाक, भांड्यांचा आवाज खाली यायचा. जिन्यात गाठ पडली तर एक जण भिंतीला चिकटायची आणि दुसरी पुढे जायची. नवरा अधेमधे वर जाऊन यायचा आणि आल्यावर उगीच हवेच्या गोष्टी बोलायचा.

वहिनी आपली सुरी पिशवीत घालून दवाखान्या-दवाखान्यातून फिरली. बेबीनं शब्द टाकलेल्या दोन ठिकाणी मात्र मुद्दाम गेली नाही. बऱ्याच ठिकाणी नन्नाचा पाढा ऐकला. शेवटी एका दंतवैद्य बाईंनी तिला मागच्या खोलीत टेबल दिलं. खोलीची खिडकी भिंतीकडे उघडायची, दिवसाही दिवा लावावा लागायचा. पण माणसं इथं स्वतः यायची. तोंड उघडून समोर बसायची, हसून दाखवायची. ठशांवरून जन्मभर काम केलेल्या वहिनीला त्या हसण्याचं नवल वाटायचं. कामात तिचं मन लागायचं. घरी परतताना जिना दिसला की राग होता तिथं पुन्हा उभा असायचा.

काका एकदा भेटायला आले. बरोबर तिचा झगा धुऊन, इस्त्री करून आणला होता. बराच वेळ बसले. माझी उमेद गेली गं, असं म्हणाले, आणि आणखीही काही म्हणाले असते. पण वहिनीनं चहा दिला, कप परत घेतला आणि आपल्याकडे बोलायला काही नाही असं नम्रपणे सांगितलं. ते गेल्यावर तिला वाईट वाटलं. बोलावून घ्यावंसं मात्र वाटलं नाही.

रेडिओ फोन करायचा. मशीनचे दात फरशी बसवल्यासारखे एका ओळीत येतात, दंतवैद्य कुरकुर करतात, आणि एका आजीबाईंची खालची कवळी काही केल्या बसत नाही. वहिनी प्रश्न विचारायची. जबडा किती झिजलाय, बोलताना उचलली जाते की खाताना, मागचे दात किती आत घेतलेस. मग काय करायचं ते सांगायची, कारण आजीबाईंनी काही तिचं वाकडं केलं नव्हतं. तेवढं झालं की फोन ठेवून द्यायची. एकदा जाता जाता तो म्हणाला की तिघांत डाव बसत नाही, जोड्या होत नाहीत आणि तो दुसरा खेळ तर मुळीच जमत नाही.

"बोलून खेळा," ती म्हणाली.

थंडी सरली तशा एका सुट्टीच्या दिवशी, दुपारी, बेबी खाली आली. नवरा बाजेवर वर्तमानपत्र घेऊन पडला होता. वहिनी उशांना अभ्रे घालत होती. बेबी दारातच उभी राहिली. बसली नाही, कोणी बस म्हटलंही नाही.

"वहिनी, तुझं नाव मी दिलं," ती म्हणाली. "मला कोणी भाग पाडलं नव्हतं. मी माझं नाव घेऊ शकले असते. ते माझ्या मनात आलंही होतं. पण नाही घेतलं."

वहिनीच्या हातातली उशी अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली. हेच वाक्य तिला हवं होतं, इतके महिने. आता ते मिळालं होतं आणि तेवढ्यानं भागत नव्हतं.

"आणि रोज माझ्यासमोर बसून पत्ते खेळत होतीस. तेव्हा काय वाटायचं तुला?"

बेबी दाराच्या चौकटीला टेकली.

"सकाळी निघताना वाटायचं, आज सांगायचं. डबे उघडेपर्यंत वाटायचं. मग पत्ते हातात आले की सुटल्यासारखं व्हायचं. कारण तिथं बोलायचंच नसायचं."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. दोन वर्षं त्या टेबलावर आपण हिचं मन ओळखतो असा तिचा समज होता. हिनं कुठलं पान राखलंय, कुठलं सोडणार आहे. आणि हे एवढं मोठं पान ती समोर धरून बसली होती, तिच्याकडे बघत, सोपी कामं तिच्यापुढे सरकवत.

"मी तुला अजून माफ केलेलं नाही," वहिनी म्हणाली. "करीन की नाही, ते माहीत नाही. हे तुला कळलेलं असू दे. नाहीतर मी गप्प बसले म्हणजे मिटलं, असं तू धरून चालशील."

बेबी बरं म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि वर गेली.

नवऱ्यानं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. तो उठून बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला की बघ, ती आपण होऊन आली, कमीपणा घेतला, आता तूही जरा सोड.

वहिनीनं उशी खाली ठेवली.

"ती आली. तू अजून आलेला नाहीस," ती म्हणाली. "तुला पहिल्यांदा कधी कळलं, कोणी सांगितलं, आणि त्या दिवशी माझ्याशेजारी बसून तू काय बोलत होतास, तिथून सुरू कर."

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा पाहून थांबला. त्यानं पाय बाजेखाली सोडले, चपला चाचपल्या, खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, बेबीनं मला जिन्यात गाठलं होतं. एवढं बोलून अडला. आधी ती मदत करायची, तो अडखळला की वाक्य पुरं करून द्यायची. लग्न झाल्यापासूनची सवय. आज ती हात मांडीवर ठेवून बसली आणि वाट बघू लागली. बऱ्याच वेळानं तो पुढचं वाक्य बोलला, मग त्याच्या पुढचं. ऐकताना तिचा राग वाढत होता, आणि ती एकही वाक्य सोडत नव्हती.